दूध बंद

दि. ११, मंगळवार
दुपार, भांडी आवरून झाल्यावर

माझ्या भिंगरीला,

आजीचा आशीर्वाद. डोक्यावर हात ठेवायला तू जवळ नाहीस, म्हणून या कागदावर ठेवला आणि कागद तुझ्याकडे धाडला. मी बरी आहे. गुडघे आहेत तसेच आहेत, त्यांची चौकशी करू नकोस, लाडावतात.

तुझ्या नावापुढे डॉक्टर लागलं तेव्हापासून मी हवेतच आहे बघ. जिन्यात, लिफ्टमध्ये, कचऱ्याच्या गाडीपाशी, जो भेटेल त्याला धरून सांगितलं. खालच्या मजल्यावरचे मास्तर म्हणाले, "कसली डॉक्टर? दातांची की डोळ्यांची?" मी म्हटलं, "औषधांची." तर म्हणतात, "असं होय, दुकान काढलं का?" मी म्हटलं, "मास्तर, दुकानात जे मिळतं ना, ते आधी कुणाच्या तरी डोक्यात यावं लागतं. ते डोकं माझ्या नातीचं." तेव्हापासून मी लिफ्टपाशी दिसले की ते जिन्याने जातात. जाऊ देत. चालणं चांगलं असतं.

गठुडी मजेत आहे.

एवढं लिहून जरा थांबले होते. मजेत आहे. हे नाव तुझ्या दादाने ठेवलं. दुपट्यात गुंडाळली की नुसतं गाठोडं दिसतं आणि वर दोन डोळे. आता हसायला लागलीय. हसते म्हणजे काय, आधी सगळं बोळकं उघडते, मग विचार करते, आणि मग हसते. पंख्याकडे बघून हसते, माझ्याकडे बघून हसते आणि तुझ्या दादाकडे बघून भोकाड पसरते, कारण त्याने दाढी वाढवलीय. तो बिचारा रोज कामावरून आला की दारातूनच विचारतो, "आज येऊ का आत?" शर्टांच्या कारखान्यात आयुष्यभर मी काजं-बटणं केली, हातून किती शर्ट गेले त्याला हिशेब नाही, पण हिच्या झबल्याचं एक बटण लावताना माझा हात असा थरथरला की दादा म्हणाला, "आजी, बाँब जोडतेयस का?" पणजी होणं म्हणजे काय असतं ते तुला इतक्यात कळायचं नाही. आनंदाने माणूस थोडं वेडंच होतं.

पायही छान हलवते. दोन्ही.

तुला एक विचारायचं आहे. पण आधी बाकीचं सांगते.

तुझी वहिनी मध्यंतरी आजारी होती, ते दादाने फोनवर सांगितलंच असेल. ताप, हुडहुडी, एका बाजूला कमरेत कळ. मूत्रपिंडाला जंतू लागले म्हणे. बाळंतपण होऊन कुठे अंग सावरत होतं, तोवर हे. आधी जे औषध दिलं त्याने अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, ते बंद करावं लागलं. मग डॉक्टरीणबाईंनी दुसरं दिलं. ते लागू पडलं. ताप उतरला, कमरेची कळ गेली, आता घरात हिंडते-फिरते, काल तर मला न विचारता पडदे धुतले. गोळ्या मात्र अजून चालू आहेत, पाकीट संपवायचंच असं बाईंनी बजावलंय.

आणि गोळी कुठली सांगू? तुझी. तुझा फुलोरा.

खरं नाव मला अजून येत नाही, फ्लोरोक्विनोलोन, हे आत्ता तू मागे लिहून दिलं होतंस त्यावरून एकेक अक्षर उतरवलं. तोंडाने मी फुलोराच म्हणते. तू सुट्टीत आली होतीस तेव्हा मला समोर बसवून सगळं समजावलं होतंस, आठवतं? मी वाटाणे सोलत होते आणि तू त्यातलेच वाटाणे मांडून दाखवलेस. सहा-सहा वाटाण्यांची दोन कडी एकमेकांना चिकटलेली. एका कोपऱ्यात एक वेगळा दाणा, तो फ्लोरीन, दात घासायच्या पेस्टमध्ये असतो त्याच्याच नात्यातला. तो लावल्यापासून हे औषध जंतूच्या आत सहज शिरतं आणि आत गेल्यावर पकडही घट्ट बसते, म्हणालीस. आणि दुसऱ्या टोकाला शेजारी शेजारी दोन ऑक्सिजन, ते याचे हात.

बाकी काही नाही तरी जंतूच्या दोऱ्याचं मला एका झटक्यात कळलं होतं. तू म्हणालीस, जंतूच्या पोटात एवढा लांब दोरा असतो, त्यावर त्याचं सगळं लिहिलेलं, आणि तो उलगडताना पीळ खातो. मी म्हटलं, खाणारच. काजं करताना दोरा पीळ खाल्ला की आम्ही सुई सोडून द्यायचो, लोंबकळली की ती आपोआप गरगर फिरून पीळ काढते. तू टाळी वाजवलीस! म्हणालीस, जंतूकडे त्यासाठी एक भिंगरीच असते. ती दोरा कापते, पीळ सोडवते आणि पुन्हा सांधते. आणि आपलं औषध नेमकं दोरा कापलेला असताना तिथे जाऊन बसतं. सांधूच देत नाही. मग जंतू आपल्याच कात्रीने मरतो. मी म्हटलं, म्हणजे तुझं औषध तुझ्याच नावाचा गळा धरतं की! किती हसलो होतो. वाटाणे जमिनीवर सांडले.

ते दिवस चांगले होते गं.

तर दवाखान्यातलं सांगते. त्या दिवशी ही गर्दी. वहिनी तापाने फणफणलेली, खुर्चीत मान टाकून बसलेली. दादा गाडी लावायला जागा शोधत होता. गठुडी माझ्या मांडीवर. म्हणजे बाई बोलत होत्या ते ऐकणारी मी एकटी. बाईंनी रिपोर्ट बघितला आणि लिहिता लिहिता नर्सला गोळीचं नाव सांगितलं. शेवटी 'फ्लॉक्सासिन'! माझे कान असे टवकारले! तूच सांगितलं होतंस ना, ज्याच्या शेवटी फ्लॉक्सासिन, ते आपल्या घरातलं समजायचं. एवढ्या आजारपणातही मला जत्रेत ओळखीचं माणूस भेटावं तसं झालं.

बाई म्हणाल्या, "गोळी जरा जोरकस आहे. ही चालू आहे तोवर दूध बंद ठेवायचं हं, आजी."

मी म्हटलं, "हो हो, ते माहीत आहे मला. माझी नात याच औषधावर डॉक्टर झालीय!"

बाई हसल्या. "अरे वा! मग तुम्हाला मी काय सांगणार!" आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

मला माहीतच होतं गं. तूच सांगितलं होतंस. या गोळीबरोबर दूध-दही घेतलं की दुधातला चुना, तुझं ते कॅल्शियम, त्या दोन हातांना धरून बसतो, आणि औषध रक्तात न जाता तसंच बाहेर पडतं. मी काय केलं असेल? घरी आले आणि वहिनीचं दूध बंद केलं. रात्रीचा पेला बंद, दही बंद, चहा कोरा. ती म्हणायची, "आजी, थेंबभर घालते, रंग बदलण्यापुरतं." मी म्हणायची, "थेंबही नाही." ती दादाला म्हणाली, "तुमची आजी जेलर आहे." दादा म्हणाला, "लहानपणी मला बिस्किटांसाठी जामीन लागायचा." ताप उतरला तेव्हा दोघंही म्हणाले, आजीमुळे. मी अशी फुगले! तुला फोन करून सांगणार होते की तुझं शिकणं तुझ्या वहिनीला पावलं म्हणून. बरं झालं नाही केला.

बाळ कुठे रडलं का ते बघून आले. नाही. दोघी झोपल्यात.

आता विचारते. नाही, आधी काल काय झालं ते सांगते, नाहीतर तुला काही कळायचं नाही.

काल सकाळी दवाखान्यातून नर्सचा फोन आला. वहिनी अंघोळीला गेली होती, मी घेतला. आवाज गोड आहे हो तिचा. ताप विचारला, भूक विचारली. मग म्हणाली, "आणि आजी, बाळाला डब्याचं दूध पचतंय ना?"

मला आधी वाटलं, ही दुसऱ्याच कुणाच्या घरी फोन लावून बसलीय.

मग एकदम कळलं. भिंगरे, दूध बंद म्हणजे कुणाचं दूध, ते मला तेव्हा कळलं. ती म्हणत होती, "गोळ्या संपेपर्यंत अंगावरचं काढून टाकायला सांगा त्यांना. संपल्या की पुन्हा पाजायला कधी लागायचं ते बाई सांगतील." आणि मी म्हटलं, "हो."

"पचतंय ना नीट?"

"हो. पचतंय."

का म्हटलं ते मला विचारू नकोस. तोंडातून निघून गेलं. आतून वहिनी ओरडली, "कुणाचा फोन, आजी?" मी म्हटलं, "दवाखान्यातून. सगळं ठीक आहे का विचारत होते." हे खरंच होतं.

तुला आता कळलं असेल मी हे फोनवर का नाही विचारत. या घरात फोन म्हणजे दवंडी, सगळ्यांना ऐकू जातं. आणि तू आधी "आजी, घाबरू नकोस" म्हणणार आणि मग उत्तर देणार. मला ते पहिलं वाक्य नको आहे.

आणखी एक आहे. तूच मला कुत्र्याच्या पिल्लांचं सांगितलं होतंस. मीच खोदून विचारलं होतं, तुझ्या औषधाने कुणाचं वाईट तर होत नाही ना, आणि तू लपवलं नाहीस. म्हणालीस, वाढीच्या वयातल्या पिल्लांना भरपूर देऊन बघितलं तेव्हा त्यांच्या सांध्यातली मऊ गादी खराब झाली, ती लंगडायला लागली. बहुतेक त्याच दोन हातांनी ते तिथलं मॅग्नेशियम धरून ठेवतं, म्हणालीस. म्हणून लहान मुलांना हे औषध फार जपून, दुसरं काही चालत नसेल तरच. मी तेव्हा म्हटलं होतं, आई गं, बिचारी पिल्लं. आणि दुसरा वाटाणा सोलायला घेतला.

कालपासून मला ती पिल्लंच दिसतायत.

गठुडीचे पाय मी कितीदा बघितले असतील! दुपटं काढायचं, बघायचं, गुंडाळायचं, पुन्हा काढायचं. उजवा पाय जरा जास्त उडवते असं वाटतं. मग वाटतं, नाही, डावाही उडवते. मग वाटतं, डावा उडवताना तोंड वाकडं करते. वहिनी म्हणाली, "आजी, थंडी लागेल तिला, सारखं काय उघडताय?" मी म्हटलं, "मुंगी दिसली." आता ती घरभर मुंग्या शोधत फिरते.

आणि तिला पातळ होतंय. आधी वाटलं, वहिनी बरी होऊन नीट जेवायला लागली म्हणून असेल. आता वाटतं, त्या औषधानेच.

काल संध्याकाळी भाजी आणायला म्हणून गेले आणि औषधवाल्याकडून डबा आणला, बाटली आणली. पिशवीत कोथिंबिरीखाली. धुण्याच्या पावडरीमागे लपवलाय. या वयात चोऱ्या करायची वेळ आली. आज सकाळी वहिनी अंघोळीला गेली तशी पाणी उकळून निववलं, मापाने कालवलं, गठुडीला मांडीवर घेतलं. तिने बाटली तोंडात घेतली, माझ्याकडे बघितलं, आणि जी किंचाळली म्हणतेस! जिभेने बाहेर ढकलते. पुन्हा दिली, पुन्हा ढकलली. मी म्हणतेय, "घे गं माझे राणी, घे, एवढं घे." तेवढ्यात न्हाणीघराची कडी वाजली. मी बाटली खुर्चीच्या उशीमागे सारली.

वहिनी ओल्या केसांनी बाहेर आली. "का रडतेय एवढी? द्या इकडे, भूक लागलीय तिला." आणि माझ्या हातातून घेतली आणि पाजायला बसली.

मी शेजारीच होते. तोंड उघडलं असतं तर शब्द निघाला असता. घोट घेतल्याचा आवाज येतो ना तान्ह्यांचा, कुक्, कुक्, तो एरवी मला इतका आवडतो की मी काम टाकून ऐकत बसते. आज मी एकेक घोट मोजत होते. आणि वहिनी माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "बघा, कशी शांत झाली."

मी का नाही बोलले? तुला खरं सांगते. ही पोर माझ्यावर इतकी विसंबून आहे की बाळाला शिंक आली तरी आधी माझ्याकडे बघते. तिची आई नाही, तुला माहीत आहे. मला वाटलं, हे कळलं की ती पुन्हा माझ्याकडे तशी बघायची नाही. आणि गठुडीला माझ्या हातात द्यायची नाही. हे एवढंच. एवढ्यासाठी मी तिला पाजू दिलं.

आता प्रश्न. चुना जर त्या औषधाचे हात धरून ठेवतो, तर आईच्या दुधातही चुना असेलच ना? मग तिच्या दुधात जे काही उतरलं असेल त्यालाही तो धरून ठेवत असेल का? म्हणजे बाळाच्या पोटातून ते अंगात न जाता तसंच बाहेर पडेल? पेल्यातल्या दुधाला जमतं ते हिच्या दुधाला जमत नाही असं कसं होईल? सकाळपासून मी या एका आशेवर उभी आहे. पण मला भीती वाटते की मला पाहिजे म्हणून मी हे असं जुळवतेय. अर्धंमुर्धं कळल्याने काय होतं ते मी बघतेच आहे. तू नीट शिकलीस, तू सांग.

पाळणा हलला. जागी होतेय. आता ती रडेल, वहिनी उठेल आणि पाजायला घेईल.

नाही. मी जाते.


बुधवार, सकाळ

काल उठले ती तडक आत गेले. वहिनी पदर सारखा करत होती, गठुडी मांडीवर. मी दारातूनच म्हटलं, "थांब. पाजू नकोस."

"का? काय झालं?"

"त्या गोळीचं औषध तुझ्या दुधातून तिला जातंय. बाईंनी दूध बंद सांगितलं होतं ते हिचं. तुझ्या चहातलं नव्हे."

ती हसलीच आधी. तिला वाटलं, जेलर आता नवीन काहीतरी काढतेय. "आजी, आता अजून काय बंद?"

"तुझं गं. अंगावरचं. मी चुकीचं ऐकलं. बरोबर ऐकलं, पण चुकीचं समजले."

तिचं हसू उतरलं. गठुडी रडायला लागली होती, तोंड इकडेतिकडे करून शोधत होती. वहिनीने तिला खांद्यावर टाकलं. मग तिने तो प्रश्न विचारला, ज्याची मी काहीच तयारी केली नव्हती.

"तुम्हाला कधी कळलं?"

मी म्हटलं, "काल सकाळी. त्या फोनवर."

"काल सकाळी." ती माझ्याकडे बघत राहिली. "आणि काल सकाळपासून मी हिला..." तिने गठुडीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "तुम्ही इथेच बसला होतात, आजी. माझ्या शेजारी."

मी चुकीचं समजले ते तिने एका शब्दाने काढलं नाही. त्याबद्दल रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

दवाखान्यात फोन लावला, तोही सगळ्यांना ऐकू जाईल असा. बाई म्हणाल्या, "दुधातून उतरतं ते फार थोडं. बहुतेक काही होणार नाही. पण आत्तापासून बंद करा आणि बाळाला घेऊन या." वहिनी म्हणाली, "बहुतेक म्हणजे?" बाई म्हणाल्या, "म्हणजे मी घाबरलेली नाही, पण मला तिला बघायचंय."

दादा कामावरून तसाच दवाखान्यात आला. त्याला मी तिथेच बाकावर सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, आणि म्हणाला, "आजी, मला तरी सांगायचंस." एवढंच. मग उठून पाण्याच्या मशीनपाशी गेला आणि बराच वेळ पाणी पीत राहिला. तहान नव्हतीच त्याला.

बाईंनी गठुडीला टेबलावर निजवलं. गुडघे वाकवून बघितले, मांड्या बाहेर वळवून बघितल्या, घोटे फिरवले. मी भिंतीला टेकून उभी होते. बसा म्हणाले कुणीतरी, पण बसले असते तर उठता आलं नसतं. गठुडीने बाईंच्या गळ्यातली ती नळी धरून ओढली. बाई म्हणाल्या, "सांधे मऊ आहेत, दुखत नाहीये तिला. पातळ होतंय ते थांबेल. वजन करत राहू, मी बघत राहीन." मग माझ्याकडे वळल्या. "आजी, 'बाळाचं' हा एक शब्द मी म्हणायला हवा होता. तुमच्या नातीचं ऐकलं आणि मला वाटलं, यांना माहीत आहे."

मलाही तेच वाटलं होतं, मी म्हटलं.

वहिनीच्या गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत, मूत्रपिंडाचं दुखणं उलटेल म्हणाल्या, आणि दुसरं औषध तिला सोसत नाही. म्हणून पाकीट संपेपर्यंत गठुडीला डबा.

घरी आलो. मी धुण्याच्या पावडरीमागून डबा काढला आणि उशीमागून बाटली. दादाने ती बाटली माझ्या हातातून घेतली आणि ती नुसती उकळत बसला, पुन्हा पुन्हा.  वहिनी बाटली घेऊन पाजायला बसली. गठुडी बाटलीला तोंड लावेना. आईच्या छातीत डोकं खुपसायची, पदर ओढायची, आणि मिळेना तसा असा आक्रोश करायची की मला कानात बोटं घालावीशी वाटली. वहिनीचा पुढून ब्लाउज भिजून ओला झालेला. तिला पाजायचं होतं आणि पाजायचं नव्हतं. दादाने घेऊन बघितलं, तर दाढी. लाल होईस्तोवर रडली पोर. मी माझ्या कोपऱ्यात. मला कुणी बोलवलं नाही आणि मी उठले नाही. वाटलं, हेच ते. आता हे असंच.

मग वहिनी उठली आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली. माझ्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, "माझ्याकडे घेणार नाही ती. माझा वास येतो तिला. तुम्ही द्या." आणि गठुडीला माझ्या मांडीवर ठेवलं. मग बाटली. दारापर्यंत गेली, पाठ करूनच म्हणाली, "मी आत जाऊन काढून टाकते. रडली तरी मला हाक मारू नका. मी येईन आणि पाजीन."

न्हाणीघराचं दार लागलं. आत नळ सोडलेला ऐकू आला.

 दादा स्वयंपाकघराच्या दारात उभा, बाटलीचं झाकण हातात घेऊन. मी पाठ वळवली, म्हणजे तिला आईचं दार दिसायचं नाही, आणि बाटलीचं निपल तिच्या ओठांवर नुसतं टेकवून ठेवलं. ढकललं नाही, बोलले नाही. ती रडली, थांबली, मला बघितलं, पुन्हा रडली. पाय झाडत होती. दोन्ही झाडत होती, भिंगरे, मी बघितलं. मग दमून असेल, एकदा ओठ मिटले. एक घोट. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा.

मी हाक मारायची नव्हती. गठुडी रडली तरी हाक मारू नका, असं वहिनी म्हणाली होती. मी म्हटलं, "घेतलं गं."

आतला नळ बंद झाला. वहिनी बाहेर आली नाही. दाराच्या पलीकडे उभी राहून ऐकत होती, एवढं मला कळलं. म्हणून मी गठुडीला जरा दाराच्या बाजूला वळवून घेतलं, म्हणजे आवाज आत जाईल.

वहिनी माझ्याशी अजून कामापुरतंच बोलते. पण बाटली मलाच देते. आज सकाळीही दिली.

दादा तुला फोन करीलच, तेव्हा हे पत्र पोचायच्या आधी तुला सगळं कळलेलं असेल. तरी धाडते, कारण त्याच्या तोंडून तुला माझी चूक कळेल, आणि माझ्या तोंडून फोन आल्यापासून दुसऱ्या दुपारपर्यंत मी लपवलं ते कळायला हवं. तू स्वतःला काही लावून घेऊ नकोस. तू सांगितलंस ते बरोबरच होतं. तुझ्या शिकण्याचा मला कालही अभिमान होता, आजही आहे, फक्त आता तो मी दवाखान्यात सांगणार नाही.

चुन्याच्या प्रश्नाचं उत्तर लिही. मला बरं वाटावं असं लिहू नकोस. माहीत नसेल तर कुणालाच माहीत नाही असं लिही. 'बहुतेक' असेल तर बहुतेकच लिही, मी ते वहिनीला वाचून दाखवीन, जसंच्या तसं, एक शब्द न गाळता आणि एक न घालता.

उत्तर येईपर्यंत गठुडीच्या पायांशी बसलेली,
तुझी आजी